फीड कमी केले तरी फिनिश का बिघडले? टूलच्या धारेविषयी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सीएनसी लेथवर आपण ईएन ८ स्टीलचा २८ मिमी व्यासाचा आणि सुमारे २२० मिमी लांबीचा शाफ्ट टर्न करता. त्यावर ऑइल सील बसण्याच्या जागेला ड्रॉइंगमध्ये आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) ०.८ मायक्रॉन मागितला आहे. सीएनएमजी १२०४०८ इन्सर्ट (टूलचा कार्बाइडचा बदलता तुकडा; याचा नोज रेडियस, म्हणजे नाकाच्या गोलाईची त्रिज्या, ०.८ मिमी), मीडियम चिपब्रेकर (चिप मोडणारी खाच), ९०० आरपीएम, शेवटच्या कटची खोली ०.१ मिमी आणि फीड, म्हणजे टूलची पुढची सरक, ०.१५ मिमी प्रति फेरा, एवढ्यावर आरए १.४ येत होता. फीड उतरवले की फिनिश सुधारते हे आपण शिकला होता, म्हणून फीड ०.०५ केले, तर आरए १.९ झाला आणि पृष्ठभाग मळकट, ओरबाडल्यासारखा दिसू लागला. मग १.२ नोज रेडियसचा इन्सर्ट लावला, तर चॅटर (कापताना होणारी थरथर) आले. टूलच्या धारेचा आकार फिनिशवर नेमका कुठे आणि कसा परिणाम करतो, असे आपण विचारले आहे. गेली बत्तीस वर्षे मी टर्निंगच्या कामात आहे आणि हाच प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

सुरुवात त्या हिशेबापासून करू, जो आपल्याला शिकवला गेला आणि जो आपल्या डोळ्यांदेखत खोटा ठरला. गोल नाकाचे टूल प्रत्येक फेऱ्याला फीडइतके पुढे सरकते आणि जॉबवर नोजच्या आकाराची एक उथळ पन्हाळ सोडते. दोन शेजारच्या पन्हाळींच्या मध्ये जी कड उभी राहते तिची उंची म्हणजे फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची आठपट. आरए काढायचा असेल तर आठऐवजी साधारण ३१ ने भागावे. फीड ०.१५ आणि रेडियस ०.८ असताना कडेची उंची ३.५ मायक्रॉन आणि आरए ०.९ येतो. फीड ०.०५ केले तर कडेची उंची ०.४ मायक्रॉन आणि आरए अवघा ०.१ यायला हवा. आपल्याला प्रत्यक्षात मिळाले अनुक्रमे १.४ आणि १.९. पहिल्या वेळी हिशेब आणि वास्तव यांच्यात दीडपटीचे अंतर होते, दुसऱ्या वेळी ते एकोणीसपट झाले. सूत्र चुकीचे नाही. ते फक्त एक गोष्ट गृहीत धरते, ती म्हणजे टूलची धार ही जाडी नसलेली रेघ आहे. तशी धार कोणत्याही टूलला नसते.

कार्बाइड इन्सर्टची धार कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी मुद्दाम गोल केलेली असते. अगदी तीक्ष्ण कार्बाइड ठिसूळ असते आणि पहिल्याच कटला तिचे कण उडतात, म्हणून ब्रश किंवा बारीक कणांचा मारा वापरून तिची धार थोडी मोडतात. याला होनिंग म्हणतात. मीडियम किंवा रफिंगच्या इन्सर्टवर या गोलाईची त्रिज्या साधारण २५ ते ५० मायक्रॉन असते. सीव्हीडी (रासायनिक वाफेतून चढवलेल्या) कोटिंगचा जाड थर त्यावर चढला की धार आणखी बोथट होते. पीव्हीडी (भौतिक पद्धतीने वाफेतून चढवलेले) कोटिंग पातळ असते, त्यामुळे फिनिशिंगच्या आणि धारदार इन्सर्टवर बहुधा तेच असते. नोज रेडियस आपण मिलिमीटरमध्ये बोलतो आणि तो खोक्यावर छापलेला असतो. धारेची ही दुसरी त्रिज्या मायक्रॉनमध्ये असते आणि बहुतेक वेळा खोक्यावर तिचा उल्लेखही नसतो. आपल्या अडचणीचे मूळ या न छापलेल्या आकड्यात आहे.

आता एवढ्या गोल धारेपुढे धातू कसा वागतो ते पाहू. चिपची जाडी धारेच्या त्रिज्येच्या मानाने पुरेशी असेल तर धातू धारेच्या वरच्या अंगाने चढून चिप बनून निघून जातो. जाडी एका मर्यादेच्या खाली गेली की धातूला वर चढायला वाव राहत नाही. तो धारेच्या गोलाईखाली दाबला जातो, थोडा बाजूला ढकलला जातो आणि टूल पुढे गेल्यावर थोडा परत उसळून वर येतो. कापण्याच्या जागी घासणे सुरू होते. ही किमान जाडी स्टीलसाठी धारेच्या त्रिज्येच्या साधारण पाव ते एक तृतीयांश धरली जाते. धार ४० मायक्रॉनची असेल तर १० ते १३ मायक्रॉनपेक्षा पातळ चिप ती धार नीट कापू शकत नाही.

आपल्या कटमध्ये चिप किती जाड होती? कटची खोली ०.१ आणि नोज रेडियस ०.८ असल्यामुळे सगळा कट नोजच्या गोलाईवरच चालला होता. सरळ धार जॉबला लागतच नव्हती. अशा वेळी चिपची जाडी सगळीकडे सारखी नसते. जॉबच्या न कापलेल्या पृष्ठभागाजवळ ती सर्वांत जास्त असते आणि नोजच्या टोकाकडे, म्हणजे जिथे तयार पृष्ठभाग जन्माला येतो तिथे, ती शून्याकडे जाते. फीड ०.०५ असताना आपली सर्वांत जाड जागासुद्धा जेमतेम २४ मायक्रॉनची होती. म्हणजे कटमध्ये गुंतलेल्या धारेचा जवळपास अर्धा भाग कापत नव्हता, तो जॉबला नुसता रगडत होता. आणि तोच अर्धा भाग अंतिम पृष्ठभाग तयार करणारा होता. फीड ०.१५ होते तेव्हा सर्वांत जाड जागा ७० मायक्रॉनच्या वर होती, त्यामुळे रगडणारा भाग बराच लहान होता. मळकट आणि ओरबाडल्यासारखे जे दिसले ते रगडलेल्या, दाबून पसरलेल्या स्टीलचे रूप होते.

हे काही नवे ज्ञान नाही. जर्मनीतील ब्रामर्त्स यांनी १९६१ मध्येच बारीक टर्निंगच्या खडबडीतपणाचे सूत्र मांडताना वरच्या हिशेबात किमान चिप जाडीची एक जादा संज्ञा मिळवली होती, आणि ती संज्ञा फीड कमी होईल तशी वाढते. म्हणून प्रत्येक इन्सर्टला एक असे फीड असते की त्याच्या वरही फिनिश बिघडते आणि खालीही बिघडते. ते फीड शोधणे हे सेटिंग करणाऱ्याचे खरे काम आहे, आणि ते धारेच्या गोलाईवरून ठरते.

इथे थोडे मागे जाऊन एक आठवण सांगतो, कारण धारेचा विचार करायला मला तिनेच शिकवले. मी शिकाऊ असताना कार्बाइडचे इन्सर्ट आमच्या शॉपमध्ये मोजकेच होते. फिनिशिंगला हायस्पीड स्टीलचे टूल पेडेस्टल ग्राइंडरवर घासून लावायचे. मी घासलेले टूल नखावर लगेच चावायचे, पण जॉबवर बारीक रेघांची जाळी उमटायची. आमच्या उस्तादांनी ते टूल भिंगाखाली धरायला लावले. ग्राइंडरच्या चाकाचे ओरखडे वरच्या तोंडावरही होते आणि समोरच्या उतारावरही होते, आणि ते दोन्ही धारेवर एकमेकांना भेटत होते तिथे धार करवतीसारखी दातेरी झाली होती. तीक्ष्णता होती, पण ती सलग नव्हती. त्यांनी ऑइलस्टोनला तेलाचा थेंब लावला, दगड उतारावर सपाट टेकवून धारेच्या दिशेने आठ-दहा वेळा हळू फिरवला, मग वरच्या तोंडावर तसेच केले. टूल तेच, फीड तेच, जॉब तोच; रेघांची जाळी गेली. धारेवरचा प्रत्येक खाचखळगा जॉबवर रेघ म्हणून उमटतो, आणि जॉब फिरत असल्यामुळे ती रेघ पूर्ण घेराभर ओढली जाते.

यातून एक मोजमापाची गोष्ट लक्षात घ्यावी. तयार पृष्ठभाग नोजच्या फक्त फीडइतक्या रुंदीच्या तुकड्याने बनतो. फीड ०.१५ असेल तर ०.१५ मिमीच्या, आणि ०.०५ असेल तर ०.०५ मिमीच्या, म्हणजे माणसाच्या केसाहूनही अरुंद तुकड्याने. इन्सर्ट बाकी कितीही चांगला दिसत असला तरी या तुकड्यावर एक बारीक टवका उडालेला असेल तर फिनिश गेलेच. म्हणून इन्सर्ट पाहायचा तो दहापट भिंगातून, आणि नोजच्या टोकापासून मागच्या बाजूला, सरळ धारेकडे नव्हे.

आता कटिंग स्पीडकडे येतो, कारण धारेचा आकार चालू कटमध्येही बदलतो. २८ मिमी व्यासावर ९०० आरपीएम म्हणजे मिनिटाला सुमारे ७९ मीटर. ईएन ८ सारख्या मध्यम कार्बन स्टीलवर हा स्पीड बिल्ट-अप एजच्या पट्ट्यात सहज पडतो. धारेजवळच्या उष्णतेत आणि दाबात जॉबचाच धातू टूलच्या टोकाला चिकटतो, थरावर थर बसून त्याचा एक लहानसा शेंडा तयार होतो आणि मग कापण्याचे काम तो शेंडाच करू लागतो. त्याचा आकार ओबडधोबड असतो आणि तो टिकत नाही. सेकंदाला अनेकदा तुटतो आणि पुन्हा वाढतो. तुटलेले तुकडे काही चिपबरोबर जातात, काही जॉबच्या पृष्ठभागात रुतून बसतात. तुम्ही ज्याला ओरबाडल्यासारखे म्हणता त्यात रगडण्याबरोबर याचाही हात असणार. बोथट, ऋण रेकची (रेक म्हणजे धारेच्या वरच्या तोंडाचा कल) आणि खरखरीत तोंडाची धार या शेंड्याला आधार देते. तीक्ष्ण, धन रेकची आणि घासून गुळगुळीत केलेली धार त्याला बसायला जागा देत नाही. त्यावरचा सर्वांत सोपा उपाय मात्र स्पीड वाढवणे हाच आहे. मिनिटाला २२० मीटर करायचे तर आपल्या व्यासाला सुमारे २५०० आरपीएम लागतील, आणि टेलस्टॉकला, म्हणजे जॉबच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराला, लाइव्ह सेंटर असेल, जॉब नीट धरला असेल तर त्यात काही अवघड नाही.

चिपब्रेकर हाही धारेच्या आकाराचाच भाग आहे, जरी आपण त्याचा विचार फक्त चिप तुटण्यापुरता करतो. मीडियम चिपब्रेकरची खाच धारेपासून बरीच मागे असते, कारण तो जाड चिपसाठी बनवलेला असतो. ०.१ खोली आणि ०.०५ फीडची चिप त्या खाचेपर्यंत पोहोचतच नाही. ती लांब फितीसारखी निघते, जॉबभोवती गुंडाळते आणि नुकत्याच तयार झालेल्या पृष्ठभागावर फरफटत राहते. असे ओरखडे फीडच्या रेघांशी तिरके असतात, त्यावरून ते ओळखू येतात. फिनिशिंगच्या चिपब्रेकरमध्ये खाच नोजच्या अगदी जवळ असते आणि धारेलगतचा सपाट पट्टाही अरुंद असतो.

नोज रेडियस वाढवल्यावर चॅटर का आले, हा आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. कटचा जोर धारेला काटकोनात लागतो. कटची खोली नोज रेडियसपेक्षा जास्त असेल तर बराचसा जोर जॉबच्या अक्षाच्या दिशेने, म्हणजे चककडे जातो, आणि त्या दिशेने शाफ्ट मजबूत असतो. खोली रेडियसपेक्षा खूपच कमी असेल तर जोर जवळजवळ पूर्ण आडवा, जॉबला बाजूला ढकलणारा होतो. १.२ रेडियसवर ०.१ खोलीचा कट घेताना धारेचा कल अक्षाशी २४ अंशांपेक्षाही कमी राहतो, त्यामुळे शाफ्टला सगळा दाब कडेने बसतो. शाफ्टची लांबी व्यासाच्या जवळपास आठपट आहे. तो वाकतो, परत येतो, पुन्हा वाकतो. चॅटरचे खरे कारण हे. माझा नियम असा आहे की फिनिशिंगच्या कटची खोली नोज रेडियसच्या किमान एक तृतीयांश ठेवावी, आणि बारीक, लांब जॉबवर ती दोन तृतीयांशापर्यंत नेता आली तर अधिक चांगले. मोठ्या रेडियसने हिशेबातला आरए कमी होतो हे खरे, पण तो फायदा घेण्यासाठी मशीन, टूल आणि जॉब या तिघांचीही ताकद लागते. बोअरिंगमध्ये हे आणखी कडक आहे: स्टीलचा बार व्यासाच्या चारपट आणि कार्बाइडचा सहापट यापेक्षा जास्त बाहेर काढला की मोठा नोज रेडियस विसरावा आणि ०.४ किंवा ०.२ घ्यावा.

बोअरिंगवरून एक छोटी गोष्ट. टूलच्या टोकाची उंची सेंटरपासून चुकली की धारेचे कोन आपोआप बदलतात. २८ मिमी व्यासावर ०.३ मिमीची चूक जेमतेम सव्वा अंशाची असते, पण १० मिमी बोअरमध्ये तीच चूक साडेतीन अंशांच्या जवळ जाते, आणि ७ अंशांच्या क्लिअरन्समधून (टूलचा उतार आणि जॉब यांच्यातील मोकळ्या कोनातून) साडेतीन गेले तर टूलचा उतार जॉबला घासायला फार वेळ लागत नाही. फिनिश बिघडले की सगळे फीडकडे पाहतात. टूलची उंची क्वचितच कोणी तपासते.

वायपर इन्सर्टबद्दल आपण विचारले नाही, पण कोणीतरी तो सुचवेलच, म्हणून सांगतो. वायपरमध्ये नोजच्या मागे एक जवळपास सपाट, फार मोठ्या त्रिज्येचा तुकडा जोडलेला असतो. नोजने सोडलेल्या कडा तो मागून येऊन कापत जातो, त्यामुळे फीड दुप्पट करूनही आधीइतकेच फिनिश मिळू शकते. ज्या शॉपमध्ये जाड, भक्कम जॉब हजारोंनी निघतात तिथे यासारखे साधन नाही. मात्र वायपरची जास्त धार जॉबला लागते, म्हणून आडवा जोरही वाढतो. बारीक शाफ्टवर तो चॅटर आणतो. शिवाय वायपर ठरावीक होल्डरच्या ठरावीक कोनातच काम करतो. टेपर आणि गोलाई कापताना त्याचा फायदा मिळत नाही आणि काही आकारांत प्रोफाइलची मापेही बदलतात.

झीज हा भाग मी थोडा जास्त मांडतो, कारण सकाळी उत्तम असलेले फिनिश दुपारी का जाते याचे उत्तर त्यात आहे. नवी धार पहिल्या काही जॉबमध्ये थोडी बसते, आणि अनेकदा त्या काळात आरए किंचित सुधारतोही. त्यानंतर नोजच्या मागच्या अंगावर, जिथे चिप अतिशय पातळ असते, बारीक खाचा पडू लागतात. त्या खाचांचे एकमेकांपासूनचे अंतर मोजले तर ते बरोबर फीडइतके निघते, कारण जॉबवरची प्रत्येक कड धारेच्या त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा घासत असते. भिंगाखाली ती धार कंगव्यासारखी दिसते. हा कंगवा तयार झाला की आरए वाढू लागतो, जरी फ्लँकवरची (धारेखालच्या उतारावरची) झीज अजून मापात असली आणि व्यास बरोबर येत असला तरी. म्हणून फिनिशिंग इन्सर्टची जॉबसंख्या मापावरून न ठरवता आरएवरून ठरवावी. फीड थोडे बदलले, समजा ०.१० चे ०.११ केले, तर कड नव्या जागी पडते आणि कधीकधी आणखी काही जॉब निघतात. ही तात्पुरती सोय आहे, पण मोठी ऑर्डर संपत आली असताना उपयोगी पडते.

धातू बदलला की योग्य धारही बदलते. अॅल्युमिनियमला ग्राइंड केलेली, कोटिंग नसलेली, आरशासारख्या तोंडाची तीक्ष्ण धार लागते, नाहीतर धातू चिकटून बसतो. एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलला धारेखाली रगडले तर वरचा थर कडक होतो आणि पुढच्या फेऱ्यात टूलला तोच कडक थर कापावा लागतो. म्हणून तिथे अतिशय कमी फीड आणि बोथट धार ही जोडी सर्वांत वाईट. कास्ट आयर्नचे वेगळे आहे. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून आलेल्या ग्रे आयर्नच्या कास्टिंगवर मी बरीच वर्षे काम केले आहे. तिथे ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या जागी खळगे राहतातच, त्यामुळे धार कितीही सुंदर असली तरी आरए एका मर्यादेखाली उतरत नाही. त्या धातूत धारेची काळजी घ्यायची ती कट संपतो त्या कडेपाशी, जिथे बोथट टूल जॉबचा कोपराच तोडून नेते.

कडक केलेल्या जॉबचे टर्निंग, म्हणजे ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल कडकपणा) असलेल्या जॉबवर सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड) वापरणे, हा स्वतंत्र विषय आहे, पण धारेच्या दृष्टीने एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. सीबीएनच्या धारेला साधारण ०.१ मिमी रुंदीची आणि २० अंशांच्या आसपासची चाम्फर (तिरपी कड) आणि वर थोडे होनिंग दिलेले असते, नाहीतर ती टिकत नाही. अशा धारेने धातू मुद्दाम दाबूनच कापला जातो, आणि नवी धार असताना पृष्ठभागाखाली दाबाचा ताण राहतो, जो थकव्याविरुद्ध उपयोगी असतो. धार झिजली की उष्णता वाढते, पृष्ठभागावर ओढीचा ताण येऊ लागतो आणि काही मायक्रॉन जाडीचा, अतिशय कडक व ठिसूळ असा पांढरा थर तयार होतो. हा थर आरए मीटरला दिसत नाही. कापलेला नमुना पॉलिश करून नायटलने (अल्कोहोलमधील नायट्रिक आम्लाने) एच केल्यावर, म्हणजे कोरल्यावर, मायक्रोस्कोपखाली तो पांढरा राहतो. फिनिश छान, माप बरोबर, आणि बेअरिंगची जागा मात्र लवकर सोलते, असे यामुळेच घडते. आम्ही सीबीएन फ्लँकवर ०.१५ मिमी झीज दिसली की बदलतो, आरए चांगला येत असला तरीही.

मोजण्याविषयी दोन शब्द. टर्न केलेल्या पृष्ठभागावर आरए मीटरची सुई अक्षाच्या दिशेने, म्हणजे फीडच्या रेघांना आडवी न्यावी. फीड ०.१५ असताना ०.८ मिमीचा कट-ऑफ (खडबडीतपणा आणि लाटा वेगळ्या करणारी मोजणीची लांबी) बरोबर आहे, फीड ०.०५ केल्यावर रेघांमधील अंतर पाहता तो ०.२५ मिमी असायला हवा. आपण बहुधा दोन्ही वेळा ०.८ ठेवला असेल, त्यामुळे १.९ मध्ये थोडा भाग लाटांचाही आला असण्याची शक्यता आहे, पण त्याने निष्कर्ष बदलत नाही. आरएबरोबर आरझेडही (शिखरापासून खळग्यापर्यंतची उंची) नोंदवा. स्वच्छ कापलेल्या पृष्ठभागावर आरझेड हा आरएच्या चार-पाच पटींच्या आसपास राहतो. तो सात-आठ पटींवर गेला की समजावे, फीडच्या रेघांशिवाय फाटलेला धातू किंवा रुतलेले तुकडे तिथे आहेत.

आपल्या जॉबसाठी माझा सल्ला असा. सीएनएमजी रफिंगपुरता ठेवा. फिनिशिंगला ७ अंश क्लिअरन्सचा, धन रेकचा, कडेने ग्राइंड केलेला ०.८ नोज रेडियसचा डीसीजीटी प्रकारचा इन्सर्ट घ्या, स्टीलसाठी असलेल्या पीव्हीडी ग्रेडमध्ये. किंवा फिनिशिंग चिपब्रेकरचा सर्मेट (सिरॅमिक आणि धातूच्या मिश्रणाचा इन्सर्ट) घ्या. कटची खोली बाजूवर ०.३, फीड ०.१०, स्पीड मिनिटाला २०० ते २२० मीटर ठेवा. हिशेबाने आरए ०.४ येतो, प्रत्यक्षात ०.६ ते ०.७ च्या आसपास मिळायला हरकत नाही. नवा इन्सर्ट हातात आला की धार अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून ओढून पाहा: तीक्ष्ण धार नखात धरते, होन केलेली धार घसरते. मग एकाच शाफ्टवर एकाच कोपऱ्याने ०.०५, ०.०८, ०.१०, ०.१२ आणि ०.१६ फीडचे पाच पट्टे काढा आणि प्रत्येकाचा आरए व आरझेड लिहून ठेवा. ज्या पट्ट्यावर आकडा सर्वांत कमी येईल ते त्या धारेचे फीड. हाच प्रयोग जुन्या सीएनएमजीवर केलात तर कमीत कमी आकडा बराच वरच्या फीडवर मिळेल, आणि दोन धारांमधला फरक आपल्याला कागदावर दिसेल.

शेवटी ऑइल सीलविषयी, कारण ही जागा साध्या फिनिशची नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका गिअरबॉक्सचे शाफ्ट वायपरने टर्न करून दिले होते, आरए ०.४, दिसायला आरशासारखे. टेस्ट बेंचवर ते एका दिशेने फिरवले की सीलमधून तेल येई, उलट फिरवले की थांबे. टर्निंगच्या रेघा म्हणजे अतिशय बारीक आट्याच असतात; फिरता शाफ्ट सीलच्या ओठाखालून तेल पंपासारखे बाहेर नेतो, आणि आरए कितीही कमी असला तरी आटे राहतातच. म्हणून अशा जागेसाठी आरए ०.२ ते ०.८ च्या मापाबरोबर आटे नसलेला पृष्ठभागही हवा असतो, आणि त्याचा खात्रीचा मार्ग प्लंज ग्राइंडिंग हा आहे, म्हणजे चाक अक्षाच्या दिशेने न सरकवता केलेले ग्राइंडिंग. आपल्या ड्रॉइंगवर ग्राइंडिंगची खूण आहे का ते आधी पाहा. नसेल आणि टर्निंगवरच भागवायचे असेल, तर तयार शाफ्ट आडवा धरून त्यावर पातळ तेलाचा हात फिरवा, एक साधा दोरा त्यावरून टाकून त्याच्या टोकाला साधारण ३० ग्रॅमचे वजन लटकवा आणि शाफ्ट मिनिटाला ६० फेऱ्यांनी आधी एका दिशेने, मग दुसऱ्या दिशेने फिरवा. दोरा जागच्या जागी राहिला तर शाफ्ट द्या. तो एका दिशेने डावीकडे आणि दुसऱ्या दिशेने उजवीकडे सरकू लागला, तर मीटर काहीही दाखवत असला तरी त्या जागेचे ग्राइंडिंग करूनच शाफ्ट पुढे पाठवा.